सुट्ट्या कसल्या मोजताय, निकालाला ठेवलेल्या केसेस मोजा

मे महिना आला, कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली की सोशल मीडियावर दरवर्षी तेच भांडण सुरू होतं. एक गट ओरडतो की देशात पाच कोटींच्या वर केसेस तुंबल्यात आणि साहेब लोक सुट्टीवर निघाले, दुसरा गट (यात वकील जास्त) सांगतो की अहो सुट्टीत ते निकालच लिहीत बसतात, आधी जज भरा मग बोला. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियमांमधून उन्हाळी सुट्टीचं नावच काढलं आणि 'अंशतः कामकाजाचे दिवस' असं नवं नाव दिलं, नाव बदललं की लोक गप्प बसतील असं वाटलं असावं बहुतेक. बसले नाहीत. आणि मला वाटतं दोन्ही गट चुकीच्या जागी खणतायत.

पाच कोटी हा आकडा एवढा मोठा आहे की त्यात सगळ्यांचीच जबाबदारी विरघळून जाते. त्यात समन्स न पोचलेल्या केसेस आहेत, साक्षीदार न सापडणाऱ्या आहेत, दोन्ही वकिलांना संगनमताने चालवायच्याच नाहीत अशा आहेत, सरकारने फक्त 'वरून ऑर्डर होती' म्हणून केलेली अपिलं आहेत. यातल्या बऱ्याच गोष्टी जजच्या हातात नसतात. पण एक टप्पा असा येतो की पोलीस, वकील, साक्षीदार, सरकार सगळे बाजूला झालेले असतात आणि फाईल एकाच माणसाच्या टेबलावर असते. दोन्हीकडचा युक्तिवाद संपला, केस निकालाला ठेवली अशी रोजनाम्यात नोंद पडली, की त्याच्या पुढचा प्रत्येक दिवस हा जजचा दिवस. कोर्टातल्या भाषेत 'जजमेंटला ठेवलंय'. माझं म्हणणं एवढंच आहे की विलंबाची चर्चा करायचीच तर इथून करा, कारण इथे सबब सांगायला दुसरं कुणी शिल्लकच राहत नाही, आणि इथे वेळेत निकाल देणं हे जजचं सौजन्य वगैरे नाही, ते त्याचं कामच आहे.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते आधी कबूल करून टाकतो. जज कमी आहेत हे रडगाणं नाही, ती वस्तुस्थिती आहे. लॉ कमिशनने १९८७ मध्ये आपल्या १२० व्या अहवालात सांगितलं की दहा लाख लोकांमागे ५० जज हवेत, तेव्हा साडेदहा होते. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला सांगितलं की पाच वर्षांत हे करा. आज मंजूर पदं सगळी धरली तरी आकडा विशीच्या आसपास घुटमळतोय आणि मंजूर पदांतलीही हजारो रिकामी. २०१६ मध्ये सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर पंतप्रधानांसमोर हेच बोलता बोलता रडले होते, तो व्हिडिओ लोकांनी बघितला, दोन दिवस फॉरवर्ड केला आणि विसरले. तालुक्याच्या कोर्टात एखाद्या जजच्या बोर्डावर दिवसाला ऐंशी-शंभर मॅटर असतात, स्टेनो अर्धा वेळ दुसऱ्या कोर्टात, आणि निकाल लिहायचा तो घरी, रात्री, मुलं झोपल्यावर. अशा माणसाला आळशी म्हणणं हा निव्वळ अन्याय आहे.

दुसरं, घाई पण वाईटच. खालच्या कोर्टात जजचं काम युनिटमध्ये मोजतात, किती निकाली काढल्या त्याचे गुण, त्याचा परिणाम काय होतो हे कुठल्याही वकिलाला विचारा. सोप्या, नव्या केसेस पटापट निघतात कारण त्यात गुण लवकर सुटतात, आणि चार खोकी कागदपत्रांचा वाटपाचा दावा तिथेच कुजतो. आकडा मागितला की माणूस आकडा देतो, न्याय देईलच असं नाही.

तिसरं सगळ्यात वजनदार. वेळेची सरसकट मर्यादा घालायचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे आणि तो फसलेला आहे. नव्वदच्या दशकात सुप्रीम कोर्टाने काही निकालांतून फौजदारी खटल्यांना ठराविक मुदती घातल्या, ती उलटली की पुरावा बंद नाहीतर आरोपी मोकळा. २००२ मध्ये सात जजच्या घटनापीठाने ते सगळं रद्द केलं, असं कायद्यात नसलेलं बंधन कोर्टाला घालता येत नाही म्हणून. मग २०१८ मध्ये पुन्हा एक प्रयोग, हायकोर्टाने दिलेला स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच जजनी तोही मागे घेतला, आणि बरोबरच केलं, कारण कोर्टाला वेळ मिळाला नाही म्हणून ज्याचा स्टे उठायचा त्या बिचाऱ्याचा काय दोष? म्हणजे मुदत घालायची कोर्टाला आणि शिक्षा भोगायची पक्षकाराने.

हे सगळं मान्य केल्यावर माझ्या मुद्द्याचं काय उरतं? माझ्या मते सगळंच उरतं. कारण हे तीनही आक्षेप खटला पूर्ण व्हायला किती वेळ लागतो याबद्दलचे आहेत, आणि मी बोलतोय खटला पूर्ण झाल्यानंतर निकाल यायला किती वेळ लागतो याबद्दल. या दोन गोष्टींची जाणूनबुजून गल्लत केली जाते, जज कमी आहेत हे उत्तर पहिल्या प्रश्नाला लागू पडतं, दुसऱ्याला फार थोडं. जज कमी असतील तर नव्या केसेस उशिरा ऐका, कमी ऐका. पण ऐकून घ्यायचं, दोन्ही वकिलांना आठवडाभर उभं करायचं आणि मग लिहायचंच नाही, याला मनुष्यबळ कमी असणं हे कारण कसं होईल? जेवढं पानात वाढून घेतलंय तेवढं तरी संपवायला नको का?

कायदा इथे तसा स्पष्ट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २० मध्ये लिहिलंय की सुनावणी संपल्यावर तिथल्या तिथे नाहीतर शक्यतो ३० दिवसांत निकाल द्यायचा, अगदीच असाधारण कारण असेल तर ६० दिवस. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत सत्र खटल्याला ३० दिवस, कारण नोंदवून ४५. हायकोर्टांसाठी २००१ चा अनिल राय विरुद्ध बिहार राज्य हा निकाल आहे. त्या केसमध्ये पाटणा हायकोर्टाने युक्तिवाद ऐकल्यावर जवळजवळ दोन वर्षं निकाल दिला नव्हता, फौजदारी अपील होतं, माणसं आत होती. सुप्रीम कोर्टाने तेव्हा पायऱ्या आखून दिल्या: दोन महिने झाले तर मुख्य न्यायमूर्तींनी त्या बेंचच्या नजरेला आणायचं, तीन महिने झाले तर पक्षकार अर्ज करू शकतो, सहा महिने झाले तर केस दुसऱ्या बेंचकडे द्या असं मागू शकतो.

वाचायला छान वाटतं. आता त्या पक्षकाराच्या जागी उभं राहून बघा. ज्या जजच्या हातात तुमचा निकाल आहे त्याच्याच विरुद्ध अर्ज करायचा की साहेबांनी वेळ लावला, आमची केस काढून घ्या! कोण करेल? कुठला वकील करेल, ज्याला उद्या त्याच साहेबांसमोर दुसऱ्या मॅटरमध्ये उभं राहायचंय? माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांची जमिनीची केस निकालाला ठेवून चौदा महिने झाले होते. मी म्हटलं काका, अर्ज का नाही करत. ते हसले. म्हणाले, 'अरे, साहेबांना राग आला तर?' मग साहेबांची बदली झाली, नवे साहेब आले, त्यांनी सरळ सांगितलं की युक्तिवाद परत ऐकावा लागेल. काकांनी वकिलाची फी परत भरली. यात कुणी भ्रष्ट नव्हतं, कुणी पैसे मागितले नव्हते, सगळे सभ्य लोक होते.

आणि झारखंडचं उदाहरण तर गेल्याच वर्षीचं, २०२५ चं. जन्मठेपेच्या चार कैद्यांची अपिलं हायकोर्टात पूर्ण ऐकून झालेली, निकाल राखून ठेवला २०२२ मध्ये आणि मग काहीच नाही. हे लोक तुरुंगात. शेवटी सुप्रीम कोर्टात गेले, तिथून विचारणा झाली, आणि काही दिवसांत हायकोर्टाचा निकाल आला. चारपैकी तिघे निर्दोष सुटले, चौथ्याच्या बाबतीत दोन जजचं एकमत झालं नाही. हे जरा थांबून वाचा. जो निकाल काही दिवसांत देता येत होता तो तीन वर्षं कपाटात होता आणि त्या कपाटात निर्दोष माणसांची तीन वर्षं होती. इथे जज कमी होते असं म्हणणार? इथे सरकार सगळ्यात मोठा पक्षकार आहे, वकील तारखा मागतात, असं म्हणणार? त्यानंतर सुप्रीम कोर्टाने सगळ्या हायकोर्टांकडून माहिती मागवली की ३१ जानेवारी २०२५ च्या आधी राखून ठेवलेले आणि अजून न दिलेले निकाल किती आहेत ते सांगा. म्हणजे तोवर ही यादी तयार अशी कुठे एका जागी बघायला मिळत नव्हती. पाच कोटींचा डॅशबोर्ड आहे आपल्याकडे, रोज अपडेट होतो, आणि जी यादी फक्त जजच्या टेबलाची आहे ती मात्र पत्र पाठवून मागवायला लागली.

यावर ठरलेलं उत्तर येतं की निकाल म्हणजे काय वडे तळायचे आहेत का, विचार करायला वेळ लागतो. इंग्लंडमध्ये लॉर्ड एल्डन नावाचे चॅन्सेलर (म्हणजे तिथल्या चॅन्सरी कोर्टाचे प्रमुख जज) होऊन गेले, १८०१ पासून १८२७ पर्यंत, मधलं वर्षभर सोडलं तर सलग. हुशार, प्रामाणिक, आणि पराकोटीचे शंकेखोर. पुन्हा पुन्हा कागद वाचायचे, पुन्हा राखून ठेवायचे, उशीर झाला तरी चालेल पण चूक नको. त्यांचे निकाल चांगले होते असं त्यांचे टीकाकारही म्हणायचे. पण चॅन्सरी कोर्टाचं नाव विलंबासाठी जे बदनाम झालं त्यात त्यांचा वाटा मोठा, लोक वाट बघत मेले, इस्टेटी खर्चात विरघळल्या. जेनेन्स नावाच्या इस्टेटीचा वाद त्याच कोर्टात १७९८ मध्ये सुरू झाला आणि १९१५ मध्ये संपला, तोवर वाटून घ्यायला फारसं काही उरलंच नव्हतं. शेवटी १८७० च्या दशकात ते वेगळं कोर्टच मोडीत काढलं. एल्डन आळशी नव्हते हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडे पण विलंब करणारे जज बहुतेक वेळा आळशी नसतात, काहींना चूक होईल याची भीती असते, काहींना कुणाला तरी दुखवायचं नसतं. पण न्याय करण्याची नोकरी घेतली की कुणाला तरी दुखवणं हा पगारातलाच भाग आहे.

आणि उशिराने निकाल चांगला होतो हे तरी खरं आहे का? ज्या केसचा युक्तिवाद दोन वर्षांपूर्वी ऐकला ती आज लिहायला घेतली तर जजला काय आठवणार आहे? त्या दिवशी वकिलाने कुठल्या कागदावर बोट ठेवलं, समोरच्याने त्याला उत्तर देताना कुठे टाळाटाळ केली, हे नोट्समध्ये नसतं. राखून ठेवलेला निकाल काही लोणच्यासारखा मुरत नाही. उलट केशवानंद भारती बघा, संसदेला घटनेचा मूळ ढाचा बदलता येत नाही हे ठरवणारी केस. १३ जज, ६८ दिवस सुनावणी, ती संपली २३ मार्च १९७३ ला, आणि निकाल २४ एप्रिलला. एका महिन्यात ११ वेगवेगळी निकालपत्रं, ७०० च्या वर पानं. का? सरन्यायाधीश सिक्री निवृत्त होणार होते म्हणून. (घाईमुळे त्यात थोडा गोंधळही झाला, बहुमत नेमकं कशावर होतं यावर अभ्यासक अजून वाद घालतात, ते मी लपवत नाही. पण त्याच निकालावर गेली पन्नास वर्षं राज्यघटना उभी आहे.) अयोध्येच्या केसमध्ये सुनावणी १६ ऑक्टोबर २०१९ ला संपली, निकाल ९ नोव्हेंबरला, सरन्यायाधीशांची निवृत्ती १७ ला. म्हणजे स्वतः जजला मुदत असली की देशातल्या सगळ्यात अवघड केसचा निकालही महिन्याभरात येतो. मग बांधावरच्या भांडणाला दोन वर्षं लागतात ती अवघड आहे म्हणून, की त्याला मुदत नाही म्हणून?

आता जो मुद्दा या चर्चेत कुणी मांडतच नाही. चुकीचा निकाल आला तर अपील करता येतं, वरच्या कोर्टात जाता येतं, पुनर्विचार मागता येतो, आपली सगळी न्यायव्यवस्था चूक दुरुस्त करायच्या जिन्यांनी भरलेली आहे. न दिलेल्या निकालावर अपील कुठे करायचं? त्याला जिनाच नाही. म्हणून चुकीच्या निकालापेक्षा न दिलेला निकाल जास्त वाईट. २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाच्या एका प्रकरणात असं झालं होतं की जानेवारीत फक्त 'फेटाळलं' एवढा आदेश सांगितला आणि त्याची कारणं आली ऑक्टोबरमध्ये. हरलेला माणूस नऊ महिने कशाला आव्हान देणार होता, कारणंच हातात नसताना? सुप्रीम कोर्टाने त्यावर नाराजी व्यक्त केली, अनिल रायची आठवण करून दिली. आठवण करून द्यावी लागते यातच आलं सगळं.

शिवाय विलंब तटस्थ नसतो. केस पडून राहिली की जैसे थे राहतं, आणि जैसे थे हे नेहमी कुणाच्या तरी फायद्याचं असतं. ज्याचा कब्जा आहे त्याच्या, ज्याने पैसे दाबून ठेवलेत त्याच्या, सत्तेवर जो आहे त्याच्या. निवडणूक रोख्यांना (नाव उघड न करता पक्षांना देणगी द्यायची योजना) आव्हान दिलं गेलं २०१७ मध्ये, निकाल आला १५ फेब्रुवारी २०२४ ला, योजना घटनाबाह्य ठरली. मध्ये २०१९ ची लोकसभा झाली आणि साडेसोळा हजार कोटींच्या आसपास रोखे विकले गेले. घटनाबाह्य योजनेतून आलेला तो पैसा तोवर पक्षांच्या हातात पोचलेला होता. कोर्टाने ती सहा वर्षं काहीच ठरवलं नव्हतं असं म्हणायचं का? मला तर वाटतं ठरवलंच होतं.

मग 'न्यायपालिकेचं स्वातंत्र्य' ही ढाल येते. जजला मुदत कोण सांगणार, सरकार? नको, सरकारने अजिबात सांगू नये. पण स्वातंत्र्य आहे ते काय निकाल द्यायचा याचं, द्यायचा की नाही याचं नाही. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेत चौथ्याच कलमात लिहिलंय की कायदा गप्प आहे, अस्पष्ट आहे, अपुरा आहे अशी सबब सांगून जो जज निर्णय द्यायचं नाकारेल त्याच्यावर खटला होऊ शकतो. त्याच्याही कितीतरी आधी १२१५ च्या मॅग्ना कार्टात राजाकडून लिहून घेतलं होतं की न्याय विकणार नाही, नाकारणार नाही आणि लांबवणार नाही. तिन्ही एकाच दमात. विकणं आणि लांबवणं त्यांना एकाच जातीचे अपराध वाटत होते. आपल्या मनातला आदर्श न्यायाधीश म्हणजे रामशास्त्री, आणि रामशास्त्री म्हटलं की आठवतो तो राघोबादादांना तोंडावर देहांताचं प्रायश्चित्त सांगणारा निर्भीडपणा. योग्यच आहे. पण निर्भीड हवा, निःस्पृह हवा असं म्हणताना वक्तशीर हवा असं आपण कधी म्हटलंय का?

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत एक गंमतशीर तरतूद आहे. निर्णयासाठी सोपवलेलं प्रकरण ९० दिवसांच्या वर तसंच पडून असेल तर त्या जजला ते निकाली निघेपर्यंत पगार घेता येत नाही. अमेरिकेतल्या फेडरल कोर्टांमध्ये १९९० च्या कायद्याने वर्षातून दोनदा यादी निघते, कुठल्या जजकडे सहा महिन्यांच्या वर काय काय अडकलंय, नावासकट, कुणालाही बघता येते. यातून पळवाटा निघतात, यादीची तारीख जवळ आली की निकालांचा पाऊस पडतो आणि त्यातले काही घाईचे असतात, हे पण तिथल्या अभ्यासकांना दिसलंय. पगार अडवायला मी सांगत नाही, आपल्याकडे ते वेगळ्याच कारणांसाठी वापरलं जाईल याची मला खात्री आहे. पण यादी? यादीत जजच्या स्वातंत्र्याला धक्का लागण्यासारखं काय आहे? खालच्या जजचा गोपनीय अहवाल लिहिला जातो, त्याचे युनिट मोजले जातात, निकाल अडला तर त्याला हायकोर्टाचं पत्र येतं. हायकोर्टाच्या जजला कोण पत्र लिहितं? मुख्य न्यायमूर्ती बोर्ड वाटून देतात, पण ते काही वरिष्ठ साहेब नसतात, आणि हायकोर्टाच्या जजला पदावरून काढायला महाभियोगाशिवाय दुसरा रस्ता घटनेत नाही. म्हणजे ज्याच्याकडे स्टेनो नाही त्याचा हिशोब काटेकोर, आणि ज्याच्याकडे लॉ क्लार्क आहेत त्याचा हिशोब कुणीच मागत नाही.

अनिल रायमध्ये एक अगदी छोटी गोष्ट सांगितली होती जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. निकालपत्राच्या पहिल्या पानावर दोन तारखा छापा, निकाल राखून ठेवला ती आणि निकाल दिला ती. याला नवा कायदा नको, बजेट नको, जजची एकही नवी जागा नको, क्लार्कची दोन मिनिटं पुरतात. हे २००१ चं आहे. पुढच्या वेळी एखाद्या गाजलेल्या केसचा निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून आला, की कोण जिंकलं ते बघायच्या आधी पहिलं पान बघा, दोन तारखा आहेत का, आणि असल्या तर त्यांच्यामध्ये किती महिने आहेत.